फॉस्फेटची परतीची वाट

फॉस्फेट हा एकच एक पदार्थ नसून तो एक रासायनिक गट आहे, आणि हा गट ज्या मूलद्रव्याशी जोडला जातो त्यानुसार त्याचे रूप, गुणधर्म आणि उपयोग पालटत जातात. मध्यभागी फॉस्फरसचा एक अणू आणि त्याच्याभोवती ऑक्सिजनचे चार अणू अशी त्याची रचना असते. तीन लिंबे एकमेकांना चिकटून ठेवावीत आणि त्यांच्या मधल्या खोबणीवर चौथे ठेवावे, म्हणजे जो आकार तयार होतो त्या आकारात हे चार ऑक्सिजन असतात आणि त्यांच्यामधल्या पोकळीत फॉस्फरस बसलेला असतो. या गटावर तीन ऋण विद्युतभार असल्यामुळे धन भार असलेला जो कण समोर येईल त्याला धरून ठेवण्याकडे त्याचा कल असतो. शरीरात त्याने कॅल्शियमला धरले की हाड आणि दात तयार होतात, समुद्राच्या तळाशी तेच घडले की कालांतराने खडक तयार होतो. अमोनियाशी संयोग झाला की खत होते, सोडियमशी झाला की कपडे धुण्याच्या पावडरीतला एक घटक होतो, आणि तिन्ही जागी हायड्रोजन आला की शीतपेयांना आंबटपणा देणारे फॉस्फरिक आम्ल होते. मराठी शेतकरी ‘नत्र, स्फुरद, पालाश’ असे जे तीन शब्द एका दमात उच्चारतो, त्यांतील स्फुरद तो हाच; कारण पिकाची मुळे फॉस्फरस घेतात तो नेहमी फॉस्फेटच्या रूपातच घेतात.

मिळत्याजुळत्या नावांमुळे होणारा घोटाळा येथेच दूर केलेला बरा. मोकळा फॉस्फरस निसर्गात सापडत नाही. १६६९ साली हॅम्बुर्ग येथील हेनिग ब्रांट याने मानवी मूत्र आटवून आणि उरलेला गाळ प्रखर तापवून तो प्रथम वेगळा केला, तेव्हा अंधारात फिकट उजेड देणारा आणि हवेत आपोआप पेट घेणारा एक मेणचट पदार्थ त्याच्या हाती आला. हाच पदार्थ प्राण्यांच्या हाडांतही भरपूर असतो हे त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी स्वीडनमधील योहान गान आणि कार्ल शेले यांनी दाखवून दिले. धान्याच्या कोठारात कीड मारण्यासाठी ज्या गोळ्या ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. त्यांत ऑक्सिजन नसतो आणि ओल लागताच त्यांतून फॉस्फिन हा जीवघेणा वायू सुटतो, म्हणून फॉस्फाइड आणि फॉस्फेट यांत अंतर राखलेच पाहिजे. कीटकनाशकांतील ‘ऑर्गनोफॉस्फेट’ हा वर्गही वेगळाच आहे. त्यात फॉस्फेट गटाला कार्बनी साखळ्या अशा जोडलेल्या असतात की शरीरातील चेतातंतूंचे संदेश वेळच्या वेळी थांबवणारे विकर निकामी होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे बळी गेले, त्या हंगामात फवारल्या जाणाऱ्या औषधांत या वर्गातील रसायने होती.

फॉस्फेटच्या सर्व उपयोगांकडे पाहताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. नत्र हवेत आहे, किंबहुना हवेचा ७८ टक्के भाग नत्राचाच आहे, आणि तो हवेतून मातीत व मातीतून हवेत जा-ये करतो, कार्बनचेही तसेच. फॉस्फरसला मात्र वातावरणात टिकून राहील असे वायुरूप नाही. धुळीबरोबर थोडासा इकडून तिकडे जातो तेवढाच. एरवी त्याची वाट खडकातून मातीत, मातीतून पिकात, पिकातून प्राण्यात आणि शेवटी नदीने समुद्रात अशी उताराची असते, आणि समुद्रतळाचा गाळ भूकवचाच्या हालचालींनी वर येऊन पुन्हा जमीन व्हायला कोट्यवधी वर्षे लागतात. त्यामुळे फॉस्फेट वापरून संपत नाही, पण ते जागा बदलते, आणि एकदा विखुरले की मानवी कालमानात परत गोळा होत नाही. म्हणून त्याच्या कोणत्याही उपयोगाचा विचार करताना ते कशासाठी वापरले याबरोबरच वापरून झाल्यावर ते कोठे गेले, हेही विचारणे भाग आहे. प्रस्तुत व्याख्यानाची मांडणी या दुसऱ्या प्रश्नाभोवती आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो आणि त्यातील साधारण ८५ टक्के हाडांत व दातांत, हायड्रॉक्सिॲपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटच्या स्फटिकांच्या रूपात साठवलेला असतो. उरलेला अंश थोडा असला तरी जीवनाचा व्यवहार त्याच्यावरच चालतो. आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या डीएनएच्या दोन्ही पट्ट्यांचा कणा साखर आणि फॉस्फेट यांची एकाआड एक गुंफण करून बनलेला असतो. प्रत्येक पेशीभोवतीचे आवरण फॉस्फेटयुक्त स्निग्ध पदार्थांचे असते. आणि स्नायू आकुंचन पावण्यापासून विचार करण्यापर्यंत ज्या ज्या क्रियेला ऊर्जा लागते, ती ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट म्हणजे एटीपी या रेणूच्या टोकाचा फॉस्फेट सुटण्यातून मिळते. शरीरात कोणत्याही क्षणी एटीपी असतो तो शंभर ग्रॅमांच्या आसपास, परंतु तोच पुन्हा पुन्हा मोडला आणि जोडला जात असल्यामुळे विश्रांतीच्या अवस्थेतसुद्धा दिवसभरात त्याची उलाढाल सुमारे ४० किलोपर्यंत जाते. निसर्गाने या कामासाठी फॉस्फेटच का निवडले, हा प्रश्न अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ फ्रँक वेस्टहायमर यांनी १९८७ साली एका प्रसिद्ध लेखात उपस्थित केला होता. त्यांचे उत्तर असे की, फॉस्फेट दोन रेणूंना जोडल्यावरही आपला एक ऋण भार राखून ठेवते, आणि त्या भारामुळे पाण्याचा हल्ला रोखला जाऊन जोड टिकतो, शिवाय रेणू पेशीच्या आवरणाबाहेर निसटत नाही. असे करू शकणारा दुसरा गट सापडत नाही. पर्याय नसलेले मूलद्रव्य असे फॉस्फरसला म्हणतात ते या अर्थाने. कोळशाऐवजी सूर्यप्रकाश वापरता येतो, तांब्याच्या तारेऐवजी ॲल्युमिनियमची चालते, परंतु ज्वारीच्या दाण्यात फॉस्फेटच्या जागी काहीही चालत नाही.

शरीरातील फॉस्फेटचा हा हिशेब लागण्यात एका भारतीयाचा वाटा फार मोठा आहे, आणि तो जितका सांगितला जावा तितका सांगितला जात नाही. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन अमेरिकेत हार्वर्डला गेले आणि तेथे सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी १९२५ साली रक्तातील व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नमुन्यात आम्लयुक्त मॉलिब्डेट मिसळले की ते फॉस्फेटशी संयोग पावते, त्यानंतर क्षपणक म्हणजे ऑक्सिजन काढून घेणारे द्रव्य घातले की रंगहीन द्रव निळा होत जातो, आणि निळाई जितकी गडद तितके फॉस्फेट अधिक. याच पद्धतीच्या आधारे त्यांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन शोधून काढले, आणि १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी एटीपी वेगळा केला, त्याच सुमारास फिस्क आणि सुब्बाराव हेही स्वतंत्रपणे तेथे पोचले होते. मातीतील स्फुरद मोजण्यासाठीही मॉलिब्डेटच्या याच निळ्या रंगाचा आधार घेतला जातो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत काळ्या जमिनीचा नमुना येतो तेव्हा तो खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात अर्धा तास घुसळतात, गाळतात, आणि गाळलेल्या द्रवात निळा रंग उमटवून यंत्रावर त्याची गडदता वाचतात. जमीन आरोग्य पत्रिकेवर ‘स्फुरद’ या रकान्यात जो आकडा छापून येतो तो अशा एका निळ्या परीक्षानळीतून आलेला असतो, आणि हेक्टरी किती पोती टाकायची हे खरे तर त्याने ठरायला हवे.

मातीतील फॉस्फेटचे वर्तन हा या विषयाचा सर्वांत समृद्ध आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. एका हेक्टरच्या वरच्या वीतभर थरात एकूण स्फुरद शेकडो किलो असू शकतो, पण त्याच वेळी मातीच्या ओलाव्यात विरघळलेले, म्हणजे मुळांना लगेच घेता येईल असे, फॉस्फेट ग्रॅममध्येच मोजावे लागते. याचे कारण प्रारंभी सांगितलेली त्याची धरून ठेवण्याची वृत्ती. दख्खनच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत ते कॅल्शियमला धरते आणि पुन्हा दगडाच्या वाटेला लागते. कोकणातील जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत ते लोह व ॲल्युमिनियम यांच्या कणांना घट्ट चिकटते. सामू म्हणजे मातीची आम्लता किंवा विम्लता दाखवणारा अंक ६ ते ७ या पट्ट्यात असेल तेथे ते त्यातल्या त्यात मोकळे राहते, आणि महाराष्ट्रातील फार मोठे क्षेत्र या पट्ट्याच्या एका किंवा दुसऱ्या बाजूला पडते. परिणामी पोत्यातून दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाला साधारण १५ ते २० टक्केच मिळतो. उरलेला जमिनीत जखडला जातो. तो वाया गेला असे म्हणणे बरोबर नाही, कारण पुढील वर्षांत त्यातला काही भाग हळूहळू सुटत असतो. परंतु शेतकऱ्याच्या त्या वर्षीच्या पैशाचा मोबदला मात्र अडकून पडतो.

नत्रासारखे फॉस्फेट पाण्याबरोबर वाहून मुळांपर्यंत येत नाही. मातीत ते हलते ते काही मिलिमीटरच, त्यामुळे मुळाने त्याच्यापर्यंत जावे लागते. म्हणूनच स्फुरदयुक्त खत पेरणीच्या वेळी एकदाच, आणि तेही बियाण्याच्या खाली व थोडे बाजूला पडेल असे द्यावे, ही शिफारस आहे. दोन चाड्यांच्या पाभरीत एका चाड्यातून बी आणि दुसऱ्यातून खत सोडण्याची जी सोय असते तिचे प्रयोजन हेच. उभ्या पिकात डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट हे खत, वरून फोकून देण्याची सवय त्यामुळे महागात पडते: दाणे वरच्या सुकणाऱ्या थरातच राहतात आणि मुळे खाली ओल शोधत असतात. रोपावस्थेत स्फुरद कमी पडला तर मुळांची वाढ खुंटते, आणि मुळे खुंटली की आणखी कमी स्फुरद मिळतो. मक्याच्या खालच्या पानांच्या कडांवर जांभळट झाक दिसते ती याच उपासमारीची खूण असते, आणि ती दिसेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो.

काही पिके मात्र जखडलेले फॉस्फेट स्वतः सोडवून घेतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत झालेल्या आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल पाझरते, ते लोहाला पकडते आणि लोहाने धरलेले फॉस्फेट मोकळे करते. हरभऱ्याच्या पानांवरची आंब सर्वांना परिचित आहे. त्याच्या मुळांतूनही सेंद्रिय आम्ले स्रवतात आणि ती कॅल्शियमने जखडलेल्या फॉस्फेटवर काम करतात. ज्वारीत तुरीच्या ओळी घेण्याची, किंवा खरिपानंतर काळ्या रानात हरभरा करण्याची जुनी पद्धत डाळीसाठी आणि नत्रासाठी होती असे मानले जाते. तिच्यात स्फुरदाचाही हिशेब होता, असे या संशोधनाच्या प्रकाशात म्हणता येते. बियाण्याला स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे, म्हणजे पीएसबीचे, संवर्धन चोळण्याची शिफारसही याच तत्त्वावर आहे, जरी त्याचा परिणाम जमिनीप्रमाणे पुष्कळ कमीअधिक होतो.

पोत्यावरचे आकडे वाचताना एक जुनी रूढी आड येते. डीएपीच्या पोत्यावर १८:४६:० असे लिहिलेले असते, पण त्यातील ४६ हा फॉस्फरसचा टक्का नसून फॉस्फरस पेंटॉक्साइड या संयुगाच्या रूपात मोजलेला टक्का असतो. खरा फॉस्फरस काढण्यासाठी त्याला सुमारे ०.४४ ने गुणावे लागते. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात प्रत्यक्ष फॉस्फरस सुमारे १० किलो आणि नत्र ९ किलो असतो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये हाच आकडा १६ असतो, परंतु त्यात ११ टक्के गंधकही असते. तीन पोती सुपर फॉस्फेट आणि सुमारे २० किलो युरिया मिळून एका डीएपी पोत्याची नत्र-स्फुरदाची भरपाई करतात, आणि वर गंधक मिळते ते वेगळेच. भुईमूग आणि सोयाबीन यांसारख्या तेलबियांना ते लागतेच. डीएपीच्या टंचाईत दुकानापुढे रांगा लागतात तेव्हा हा साधा गुणाकार शेतकऱ्यापर्यंत पोचलेला नसतो, याची खंत वाटते. एक टन ज्वारीचे दाणे शेतातून बाहेर जातात तेव्हा त्यांच्याबरोबर साधारण ३ किलो फॉस्फरस जातो, हे प्रमाण शेजारी ठेवले की १० किलोच्या त्या पोत्याचे मोल कळते.

हे पोते येते कोठून, हा प्रश्न इतिहासाकडे नेतो. १८४० साली युस्टुस फॉन लीबिग यांनी पिके मातीतून खनिज द्रव्ये उचलतात आणि ती परत केली नाहीत तर जमीन ओसाड होते हे ठामपणे मांडले, आणि १८४२ साली इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी हाडांची व खनिजांची भुकटी गंधकाम्लात मुरवून ‘सुपर फॉस्फेट’ बनवण्याचे पेटंट घेतले. गंधकाम्ल कॅल्शियमचा एक वाटा जिप्समच्या रूपात काढून घेते आणि जे फॉस्फेट उरते ते पाण्यात विरघळते, एवढीच ती युक्ती. पण तिने शेतीचे स्वरूप बदलले. प्रारंभी कच्चा माल होता हाडांचा, आणि ती हाडे गोळा करण्यासाठी यूरोपभर धाव घेतली गेली. भारतातूनही हाडांची निर्यात होत असे, आणि या भूमीचा कस अशा रीतीने बाहेर जात असल्याची चिंता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच येथील शेतीचा अभ्यास करणाऱ्यांनी व्यक्त केली होती. त्याच काळात पेरूच्या चिंचा बेटांवरील समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे, म्हणजे ग्वानोचे, डोंगरच्या डोंगर जहाजांत भरून यूरोप-अमेरिकेत नेले जात होते.

हाडे आणि ग्वानो पुरेनासे झाल्यावर फॉस्फेटचा खडक आला, आणि त्याची सर्वांत दुःखद कहाणी प्रशांत महासागरातील दोन चिमुकल्या बेटांची आहे. अवघ्या २१ चौरस किलोमीटरच्या नाउरू बेटावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खाणकाम सुरू झाले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची कुरणे या खडकावर हिरवी झाली. पठाराचा खडक उकरून काढल्यावर मागे चुनखडीचे उंच सुळके तेवढे उरले, ज्यांवर ना पेरता येते ना घर बांधता येते, आणि बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग अशा अवस्थेत गेला. १९६८ साली स्वतंत्र झाल्यावर काही काळ नाउरू हे दरडोई उत्पन्नात जगातील अग्रगण्य राष्ट्रांपैकी होते. खडक संपत आला तसे ते उत्पन्नही संपले. १९८९ साली त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली आणि १९९३ साली तडजोड होऊन भरपाई मिळाली, पण माती मिळाली नाही. शेजारच्या बनाबा बेटावरील रहिवाशांना तर १९४५ साली फिजीमधील राबी बेटावर हलवण्यात आले, आणि त्यांच्या मागे त्यांच्या घरांखालची जमीन खोदली गेली. दूरच्या देशातील गवताला जे मिळाले ते या लोकांच्या पायाखालून काढलेले होते, हे विसरून फॉस्फेटच्या उपयोगांची यादी देणे अपुरे ठरेल.

आज जगात दरवर्षी २२ ते २४ कोटी टन फॉस्फेट खडक काढला जातो आणि दहापैकी आठ भागांहून अधिक खताकडे जातो. ज्ञात साठ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मोरोक्को आणि त्याच्या ताब्यातील पश्चिम सहारा येथे आहेत. तेथील बू क्रा खाणीतून समुद्रापर्यंत खडक वाहून नेणारा पट्टा सुमारे १०० किलोमीटर लांबीचा आहे, आणि तेथील प्रदेशाच्या सार्वभौमत्वाचा वाद अद्याप मिटलेला नाही. भारतात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे १९६८ साली चांगला साठा सापडला. शेकडो कोटी वर्षांपूर्वीच्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या थरांनी हे फॉस्फेट धरून ठेवले आणि त्या थरांचे जीवाश्म आजही तेथे दगडावर वलयांच्या रूपात दिसतात. परंतु देशाची गरज मोठी आहे आणि खडक, फॉस्फरिक आम्ल किंवा तयार डीएपी या ना त्या रूपात बहुतांश माल बाहेरूनच येतो. मुंबईत ट्रॉम्बे येथे ‘सुफला’ हे खत बनते आणि गोव्यात झुआरीनगरला मिश्रखते बनतात, तीही मुख्यतः बंदरावर उतरलेल्या कच्च्या मालावर. २०२१ पासून चीनने खतांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, त्याचे पडसाद मराठवाड्यातल्या कृषी सेवा केंद्रापर्यंत उमटले.

खताखेरीज फॉस्फेट घराघरांत किती वाटांनी शिरलेले आहे हे पाहिले तर नवल वाटते. काडेपेटीच्या कडेला लाल फॉस्फरस असतो हे सर्वश्रुत आहे; पण काडी विझल्यावर तिचा निखारा धुमसत राहू नये म्हणून काडीचे लाकूड आधी अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यात भिजवलेले असते, हे क्वचितच कोणाला ठाऊक असते. इमारतीच्या जिन्यात टांगलेल्या लाल अग्निशामक नळकांड्यात ‘एबीसी’ पावडर असते ती मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेटची. ज्वाळेवर पडताच ती वितळून जळत्या लाकडावर चिकट थर धरते आणि हवा तोडते. भोसरी-चाकणच्या पावडर कोटिंगच्या कारखान्यांत ‘सेव्हन टँक प्रोसेस’ हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो: ग्रीस काढणे, धुणे, गंज काढणे, पुन्हा धुणे असे करत शिटमेटलचा भाग झिंक फॉस्फेटच्या टाकीत बुडवतात, तेथे लोखंडाच्या पृष्ठभागावर काही मायक्रॉन जाडीचा राखाडी, खरबरीत स्फटिकांचा थर बसतो, आणि त्या खरबरीतपणामुळे रंग घट्ट धरून राहतो. विजेवर चालणाऱ्या रिक्षांत आणि गाड्यांत आता लोह-फॉस्फेटच्या लिथियम बॅटऱ्या येत आहेत. त्यामुळे शुद्ध फॉस्फरिक आम्लासाठी शेतीला एक नवा भागीदार निर्माण झाला आहे, आणि हा भागीदार शेतकऱ्यापेक्षा अधिक किंमत मोजू शकतो.

स्वयंपाकघरात फॉस्फेट दोन वेगळ्या रूपांत येते, आणि दोहोंतला भेद आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. धान्य आणि कडधान्य आपला फॉस्फेटचा साठा फायटिक आम्लाच्या रूपात ठेवतात. बी रुजताना तो कोंबाच्या उपयोगी पडतो. माणसाच्या आतड्याला मात्र तो नीट फोडता येत नाही, उलट त्याबरोबर लोह आणि जस्तही अडकून राहतात. मटकी भिजवून मोड आणले, नाचणी मोडवून तिचे सत्त्व केले किंवा आंबोळीचे पीठ रात्रभर आंबवले की फायटेज हे विकर कामाला लागते, आणि फॉस्फेटसह लोहही मोकळे होते. घरोघरच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले हे ज्ञान पोषणशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरते. दुसरे रूप कारखान्यातून आलेले: बेकिंग पावडरीतील आम्लधर्मी फॉस्फेट, चीजच्या चकत्यांत स्निग्धांश वेगळा होऊ न देणारे सोडियम फॉस्फेट, गोठवलेल्या कोळंबीत पाणी धरून ठेवणारे पॉलिफॉस्फेट, कोलातील फॉस्फरिक आम्ल. हे जवळजवळ सगळेच्या सगळे रक्तात शोषले जाते. निरोगी मूत्रपिंड जादा भाग बाहेर टाकते. ज्यांचे मूत्रपिंड दुबळे झाले आहे त्यांच्या रक्तात मात्र ते साचते, हाडांतून कॅल्शियम ओढले जाते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक होतात. अशा रुग्णांच्या घरी पाकिटावरील बारीक अक्षरांत ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ हे क्रमांक शोधण्याची सवय लावून घेणे हिताचे आहे, कारण फॉस्फेटची ओळख तेथे पुष्कळदा या अंकांमागे दडलेली असते.

बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, कारण त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडतात. सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट त्या दोघांना आधीच बांधून टाकते, म्हणून ते धुण्याच्या पावडरींचे आवडते द्रव्य ठरले; मात्र कपडे स्वच्छ झाल्यावर ते मोरीतून निघून नदीत जाते. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुधा फॉस्फेटच्या कमतरतेनेच रोखलेली असते. १९७३ साली कॅनडात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तलावाच्या मध्यभागी पडदा लावून दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातले, पण फॉस्फेट एकाच भागात घातले; तो भाग हिरव्या शेवाळाने भरून गेला आणि पडद्यापलीकडचे पाणी स्वच्छ राहिले. वरून काढलेल्या त्या तलावाच्या छायाचित्राने पुष्कळ देशांत कायदे बदलायला लावले; यूरोपीय संघाने २०१३ पासून घरगुती धुलाईच्या पावडरीतील फॉस्फरसवर कडक मर्यादा घातली. पुण्याच्या मुळा-मुठेवर आणि कोल्हापूरच्या रंकाळ्यात जलपर्णी माजते तेव्हा ती यंत्राने उपसण्यावर भर असतो. प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्यातून येणारे नत्र आणि फॉस्फेट हे तिचे अन्न आहे. ते बंद झाल्याशिवाय उपसा दरवर्षी करावाच लागणार. शेताला जे महाग मिळते तेच नदीत फुकट जाऊन तिला गुदमरवते.

या उताराच्या वाटेवरून फॉस्फेट मागे आणण्याच्या रीती महाराष्ट्रात अपरिचित नव्हत्या. भाताची कापणी झाल्यावर धनगरांचे कळप कोकणात उतरतात आणि शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देऊन आपल्या शेतात मेंढ्या बसवतात. दिवसभर माळरानावर आणि डोंगरउतारावर चरलेल्या मेंढ्या रात्री खाचरात लेंड्या आणि मूत्र टाकतात. रासायनिक भाषेत सांगायचे तर, कित्येक मैलांवर विखुरलेले फॉस्फेट चार पायांवर चालत येऊन एका शेतात जमा होते. भाताच्या रोपवाटिकेत राब भाजण्याच्या पद्धतीत झाडाचा पाला, शेण आणि गवत जळून जी राख होते ती आम्लधर्मी मातीचा सामू वाढवते आणि स्फुरद व पालाश मोकळे करते. झाडांची जी तोड त्यासाठी होते तिची किंमत मात्र जंगलाने मोजली आहे, आणि म्हणून या पद्धतीचा सरसकट गौरव करता येत नाही.

एक मोठा साठा अर्थात माणसाकडूनही रोज टाकला जातो. एक प्रौढ माणूस वर्षाकाठी सुमारे अर्धा किलो फॉस्फरस उत्सर्जित करतो, म्हणजे वीस माणसांचा वर्षभराचा हिशेब एका डीएपीच्या पोत्याएवढा होतो. सोनखत हा शब्द मराठीत जुना आहे, परंतु ते उपसण्याचे काम जातीने ज्यांच्या माथी मारले त्यांच्या अवमानावर ती व्यवस्था उभी होती. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी ही कोंडी नेमकी ओळखली. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी अशा संडासाचा प्रसार केला की ज्यात मैला मातीपाल्यासह खड्ड्यात कुजून खत व्हावा आणि कोणालाही तो डोक्यावरून वाहावा लागू नये. जमिनीचे पोषण आणि माणसाची प्रतिष्ठा हे त्यांच्या लेखी एकाच कामाचे दोन भाग होते, आणि फॉस्फेटच्या परतीचा प्रश्न महाराष्ट्रात इतक्या स्वच्छपणे फार थोड्यांनी मांडला आहे.

शहरांसाठी तो उपाय पुरणार नाही. तेथे यंत्राचीच वाट घ्यावी लागेल. माणसाने टाकलेल्या फॉस्फरसपैकी सुमारे दोन-तृतीयांश लघवीत असतो, आणि लघवी सांडपाण्याच्या एकूण आकारमानाच्या साधारण एक टक्काच भरते. मैलापाणी प्रक्रिया केंद्रातील गाळाच्या पाण्यात मॅग्नेशियमचा क्षार घालून सामू किंचित वाढवला की मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन स्ट्रुव्हाइट नावाचे पांढरे स्फटिक खाली बसतात. हेच स्फटिक आपोआप जमून केंद्राच्या नळ्या तुंबवतात, त्यामुळे ते ठरवून काढणे केंद्राच्याही फायद्याचे असते. कॅनडा, अमेरिका आणि नेदरलँड्समधील काही केंद्रांत ते खत म्हणून विकले जाते, आणि जर्मनीने २०१७ च्या नियमांनुसार मोठ्या केंद्रांना २०२९ पासून फॉस्फरस परत मिळवणे बंधनकारक केले आहे. स्ट्रुव्हाइट पाण्यात फार कमी आणि आम्लात सहज विरघळते. म्हणजे चुनखडीच्या काळ्या रानापेक्षा कोकणातल्या आणि गोव्यातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला ते अधिक मानवणारे आहे, आणि मुंबईचे मैलापाणी त्या मातीपासून फार दूर नाही. कृषी विद्यापीठाच्या भातक्षेत्रावर सुपर फॉस्फेटच्या वाफ्याशेजारी त्याचा एक वाफा पाडून, सलग चार-पाच हंगाम दोन्हीकडच्या दाण्यांतील आणि मातीतील स्फुरद मोजत राहणे हे काम खर्चाचे नाही, आणि त्यासाठी लागणारी निळ्या रंगाची परीक्षा तर शंभर वर्षांपूर्वीच उपलब्ध झालेली आहे.